पडद्यातले छिद्र शोधणारा डॉक्टर

डोळ्याचा पडदा सरकला, हे वाक्य आपल्या कानावरून अधूनमधून जाते. कुणाच्या वडिलांचा सरकतो, कुणाच्या शाळकरी मुलाचा चेंडू लागून सरकतो. घरचे घाबरतात, पैशांची जुळवाजुळव करतात, मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा पत्ता काढतात आणि ऑपरेशन करून आणतात. बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. शंभर वर्षांपूर्वी मात्र असे काही घडत नव्हते. पडदा सुटला की तो डोळा गेला असे धरले जाई. डॉक्टरही तसेच सांगत, आणि त्यांचे फारसे चुकतही नसे. हे चित्र बदलायला ज्या एका माणसाची चिकाटी कारणी लागली, त्याचे नाव ज्यूल्स गोनिन. नेत्रवैद्यकात हे नाव फार मोठे आहे, त्या क्षेत्राबाहेर मात्र ते क्वचितच ऐकू येते.

गोनिन यांच्याकडे वळण्याआधी त्या पडद्याच्या नावाची छोटी हकीकत सांगायला हवी. मराठीत त्याला दृष्टिपटल म्हणतात, डॉक्टर रेटिना म्हणतात आणि उर्दूत शब्द आहे शबकिया. शबका म्हणजे अरबीत जाळे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी या पडद्याला जाळ्याची उपमा दिली होती. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने ग्रीक वैद्यक अरबीत आणले, डोळ्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि ते जाळे अरबी झाले. पुढे इब्न सिना यांचा ‘कानून’ स्पेनमधल्या तोलेदो शहरात बाराव्या शतकात लॅटिनमध्ये उतरला. लॅटिनमध्ये जाळ्याला रेते म्हणतात, त्यावरून रेटिना. ग्रीकांची उपमा, बगदादच्या ख्रिस्ती हकिमाची अरबी, बुखाऱ्याच्या मुसलमान तबीबाचा ग्रंथ आणि युरोपचे लॅटिन, असा प्रवास करून आलेला हा शब्द आज आपल्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याच्या पाटीवर दिसतो.

हे जाळे डोळ्याच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखे लागून असते. प्रकाश त्यावर पडतो, त्याचे संदेश बनतात आणि नसेतून मेंदूकडे जातात. भिंतीकडून त्याला रक्तपुरवठा मिळतो, म्हणून भिंतीला चिकटून राहणे त्याच्यासाठी जगण्याची अट आहे. डोळ्याच्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा घट्टसर, पारदर्शक रस भरलेला असतो. वय वाढते तसा तो पातळ होतो, आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निर्धोक पार पडते. पण एखाद्या जागी रस पडद्याला घट्ट चिकटलेला असेल तर सुटताना तो पडद्याला ओढतो आणि पडदा तिथे फाटतो. त्या फटीतून पातळ द्रव पडद्यामागे शिरतो, आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. आज हे कुठलाही नेत्रतज्ज्ञ दोन मिनिटांत कागदावर काढून दाखवतो. ते सिद्ध करण्यात आणि लोकांच्या गळी उतरवण्यात गोनिन यांच्या आयुष्याची तीसएक वर्षे गेली.

ज्यूल्स गोनिन यांचा जन्म 10 ऑगस्ट 1870 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात झाला. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचे हे फ्रेंच बोलणारे शहर. शिक्षण तिथेच, नोकरी तिथेच आणि मृत्यूही तिथेच. लोझानमध्ये 1843 सालापासून अंधांसाठी एक संस्था होती. तिच्यात डोळ्यांचे रुग्णालय होते, अंध मुलांची शाळा होती आणि अंधांना हाताला काम देणारी कामशाळाही होती. तिथे मार्क द्युफूर नावाचे नामांकित नेत्रवैद्य होते. तरुण गोनिन त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्या संस्थेत डॉक्टर डोळे तपासत, त्याच संस्थेत इलाज न चाललेली माणसे चाचपडत टोपल्या विणायला शिकत. वैद्यकाचा पराभव तिथे रोज डोळ्यांसमोर वावरत होता.

पडदा सुटलेल्या रुग्णासाठी त्या काळी उपाय पुष्कळ होते आणि गुण कशालाच नव्हता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवत. घाम काढणारी औषधे देत, म्हणजे अंगातले पाणी कमी होऊन पडद्यामागचेही आटेल अशी आशा. डोळ्यात मिठाचे पाणी टोचत. कुणी डोळ्याला बाहेरून टोचून मागचा द्रव काढून टाकी. तो दोन दिवसांत पुन्हा भरे. एका जर्मन डॉक्टरने तर जनावराच्या डोळ्यातला रस माणसाच्या डोळ्यात भरून पाहिला. 1912 साली अमेरिकेतल्या डेरिक व्हेल या नेत्रवैद्याने आपल्या देशातल्या सहकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले, तेव्हा हजारात साधारण एखादा रुग्ण बरा होतो असा हिशेब निघाला. बहुतेकांनी त्यावरून एवढाच बोध घेतला की या रोगाच्या नादी लागू नये.

डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन 1851 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्झ यांनी शोधले होते. त्यानंतर काही वर्षांतच पडद्यातली छिद्रे डॉक्टरांना दिसू लागली. छिद्रातून द्रव मागे जात असेल असा तर्कही काहींनी केला होता. जर्मनीत थिओडोर लेबर यांनी रस आकसून पडदा फाटतो हे मांडले. म्हणजे कोड्याचे तुकडे टेबलावर पडलेले होते. पण मोठमोठ्या विद्वानांचे मत होते की छिद्र हा रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे. आणि अनेक रुग्णांत ते दिसतच नाही. न दिसण्याचे एक कारण साधे होते. छिद्रे बहुधा पडद्याच्या कडेला, डोळ्याच्या पुढच्या बाजूला असतात आणि त्या काळच्या साधनाने तिथवर नजर पोचवायला घामटे निघे. थोडा वेळ पाहून सोडून दिले तर छिद्र नाही असाच निष्कर्ष निघणार.

गोनिन यांनी सोडून दिले नाही. काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यांचे पातळ काप करून त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जिवंत रुग्णांच्या बाहुल्या औषधाने मोठ्या करून तासन्‌तास पडद्याचा काठ न काठ शोधला. दिसेल ते कागदावर रेखाटले. 1904 मध्ये त्यांनी पडदा सुटण्याच्या कारणांवर आपला मोठा लेख छापला. जितके बारकाईने पाहावे तितक्या अधिक रुग्णांत छिद्र सापडते, आणि ते सापडते अगदी तिथेच जिथे रस पडद्याला ओढतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तरी त्यांनी लगेच सुरी हातात घेतली नाही. लेख आणि ऑपरेशन यांत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात त्यांच्या मनात एक सरळ विचार पक्का होत गेला: छिद्रामुळे पडदा सुटत असेल तर छिद्र बुजवले पाहिजे, आणि ते बुजले तर पडदा आपोआप बसला पाहिजे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी हे करायला सुरुवात केली. त्यांची पद्धत आज वाचताना अंगावर काटा येतो. आधी छिद्र नक्की कुठे आहे ते ठरवायचे. घड्याळाच्या तबकडीसारखी दिशा धरायची, म्हणजे एक वाजण्याच्या जागी की अकराच्या. मग बुबुळाच्या कडेपासून ते किती मिलिमीटर मागे आहे याचे गणित मांडायचे. डोळ्यातल्या नसेचे टोक सुमारे दीड मिलिमीटर रुंद दिसते, तीच मोजपट्टी. डोळ्याच्या आत पाहून काढलेले माप डोळ्याच्या बाहेर पांढऱ्या भागावर आणून खूण करायची. एक-दोन मिलिमीटर चुकले तरी सगळे वाया. खुणेच्या जागी पांढरा भाग चाकूने चिरायचा, मागचा द्रव थोडा वाहू द्यायचा आणि त्या चिरेतून प्लॅटिनमची तापवून लाल केलेली सळई आत घालून दोन-तीन सेकंद धरायची. भाजलेल्या जागी व्रण धरे, छिद्राच्या कडा त्या व्रणात अडकत, फट बंद होई. रुग्ण हे सारे जागेपणी सोसत असे. भूल असायची ती फक्त डोळ्यापुरती. त्यानंतर पुन्हा कित्येक दिवस हालचाल न करता पडून राहणे.

भाजून बरे करणे ही हकीम आणि जर्राहांची फार पुरानी रीत. अरबीत तिला कय म्हणतात, आपल्याकडे डाग देणे. डोळ्याच्या आत, नेमक्या छिद्रावर डाग देण्याची हिंमत मात्र कुणी केली नव्हती. डोळा जाण्याचा धोका खराच होता. रक्त साचे, कधी पू होई. पण ज्याचा डोळा तसाही जाणारच होता, त्याला निदान एक संधी मिळत होती.

काहींचा पडदा बसला. गोनिन यांनी आपले अनुभव पॅरिसच्या नेत्रवैद्यांच्या सभेत मांडले आणि फ्रेंचमध्ये छापले. स्वागत थंड झाले. लोझानसारख्या लहान शहरातला एक अबोल डॉक्टर, हाताशी मोजके रुग्ण, आणि दावा असा की ज्या रोगापुढे बर्लिन आणि पॅरिसने हात टेकले तो तापलेल्या सळईने बरा होतो. काहींनी स्वतः करून पाहिले आणि त्यांना अपयश आले. ते येणारच होते, कारण त्यांनी सळई उचलली पण छिद्र शोधण्याची मेहनत घेतली नाही. अंदाजे कुठेतरी भाजले आणि पद्धत कुचकामी ठरवली. बुजुर्गांनी छिद्र हे कारण मानायलाच नकार दिला. हा विरोध केवळ हेव्यापोटी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. इतके उपाय फसलेले पाहिलेल्या माणसाने नव्या उपायाकडे संशयाने पाहावे यात नवल नव्हते.

1920 च्या सुमारास गोनिन लोझानला प्राध्यापक झाले आणि रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. वाद घालण्यापेक्षा त्यांनी रुग्ण मोजले. यश किती, अपयश किती, कुठल्या रुग्णात छिद्र सापडले नाही, कुणाला दोनदा-तीनदा भाजावे लागले, सगळे नोंदवले आणि छापले. मग हळूहळू एकेक डॉक्टर लोझानची गाडी पकडू लागला. बार्सिलोनाहून अरूगा आले, नेदरलँड्समधल्या युट्रेक्टचे वेव्ह यांनी पद्धत उचलली. त्यांच्याच हाताखालचे मार्क आम्सलर हे तर उजवा हात होते. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते पटून परतले. 1929 मध्ये ॲमस्टरडॅमला नेत्रवैद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा गोनिन यांच्या बाजूने बोलायला वेगवेगळ्या देशांतली माणसे आपापले आकडे घेऊन उभी होती. गोनिन एकोणसाठीत होते. त्या परिषदेनंतर छिद्र हेच कारण हा मुद्दा वादाचा उरला नाही.

हजारात एकावरून यश निम्म्याच्या आसपास आले होते. 1934 मध्ये त्यांनी आयुष्यभराचे काम ‘पडद्याचे सुटणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाच्या ग्रंथात एकत्र केले. त्यांच्या नोंदींतून एक गोष्ट ठसठशीत दिसत होती. ताज्या रुग्णांचे डोळे वाचत होते, जुन्या रुग्णांचे फार कमी वाचत होते. भिंतीपासून सुटलेला पडदा उपाशी राहतो आणि दिवसागणिक मरतो. त्यातही मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो सुटण्याआधी ऑपरेशन झाले तर नजर बरीचशी परत येते. तो सुटल्यावर पडदा बसला तरी नजर अर्धवट राहते. हे 1934 इतकेच आजही खरे आहे. आपल्याकडे नेमके इथेच घोडे अडते. डोळ्यात अचानक विजेसारखे चमकते, काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागते, बाजूने काळा पडदा ओढल्यासारखे दिसते. दुखत मात्र अजिबात नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो. मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, रोजे होऊन जाऊ देत, दिवाळी होऊ दे, मुलीचे लग्न उरकू दे. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा खुद्द कुरआनने दिली आहे. डोळ्याच्या बाबतीत आपणच ती घेत नाही. मोठ्या नंबरचा चष्मा असणारे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, डोळ्याला मार लागलेले, घरात कुणाचा पडदा सुटलेला असलेले, यांनी तर असे काही दिसताच एक-दोन दिवसांत बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. तेव्हा नुसते छिद्र सापडले आणि पडदा अजून सुटलेला नसला, तर लेसरने छिद्राभोवती कडे करून घरी जाता येते.

ग्रंथ आला त्याच्या पुढच्याच वर्षी, जून 1935 मध्ये, गोनिन लोझानला वारले. त्यांच्या जागी आम्सलर आले. डोळ्याच्या दवाखान्यात चौकटी-चौकटींचा एक कागद समोर धरून रेषा वाकड्या दिसतात का असे विचारतात, तो आम्सलर यांचा.

गोनिन यांची लाल सळई त्यांच्यामागे फार दिवस टिकली नाही. सळईच्या जागी विजेच्या उष्णतेने भाजणे आले, मग गोठवणारी थंडी आली, मग प्रकाश आणि लेसर. छिद्र बुजवण्याची साधने बदलली, बुजवायचे छिद्रच होते. 1949 मध्ये जर्मनीत कुस्टोडिस यांनी वेगळी शक्कल काढली: डोळ्याच्या बाहेरून छिद्राच्या जागी गादीसारखा तुकडा शिवायचा, म्हणजे भिंतच आत दबून पडद्याला टेकते. थोड्याच काळात बॉस्टनमध्ये शेपेन्स यांनी डोळ्याभोवती पट्टा बसवण्याची रीत रूढ केली. हे शेपेन्स मूळचे बेल्जियमचे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर लाकडाच्या गिरणीचा मालक असल्याचे सोंग घेऊन त्यांनी नाझींच्या तावडीतून कितीतरी माणसे डोंगरापार पोचवली; ती कथा वेगळ्या लेखाची आहे. डॉक्टर डोक्यावर दिवा बांधून दोन्ही डोळ्यांनी पडद्याच्या काठापर्यंत पाहतात, ते साधन त्यांचे. गोनिन यांना जे शोधायला तास लागत, ते त्यामुळे मिनिटांवर आले. चेन्नईत 1978 साली शंकर नेत्रालय उभारणारे डॉ. बद्रीनाथ शेपेन्स यांच्याच हाताखाली शिकून आले होते.

1970 मध्ये अमेरिकेतल्या मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यात बारीक छिद्रे पाडून आतला ओढणारा रसच कापून बाहेर काढला. त्यांनी आपले यंत्र आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर चालवून पाहिले होते. ही शस्त्रक्रिया आज सर्वांत जास्त होते. रस काढल्यावर पडदा जागेवर दाबून धरायला आत वायू भरतात, तो काही आठवड्यांत विरून जातो; गुंतागुंतीच्या डोळ्यात सिलिकॉनचे तेल भरतात, ते बहुधा पुढे दुसऱ्या ऑपरेशनने काढावे लागते. वरच्या बाजूला एखाद-दुसरे लहान छिद्र असेल तर नुसता वायूचा बुडबुडा टोचून आणि लेसर किंवा थंडी देऊन काम भागते. तरुण माणूस, रस अजून घट्ट, अशा वेळी बाहेरचा पट्टाच बरा असे अनेक तज्ज्ञ मानतात. कुठला मार्ग घ्यायचा हे छिद्र कुठे, किती, केवढे यावर ठरते, फक्त डॉक्टरच्या आवडीवर नाही. म्हणून एका शेजाऱ्याला पट्टा बसवला आणि दुसऱ्याला तेल भरले म्हणजे कुणाची तरी फसवणूक झाली, असे समजू नये. डोळ्यात वायू असेतो विमानात बसायचे नाही आणि उंच घाट चढायचा नाही, कारण वर गेल्यावर वायू फुगतो. डॉक्टर सांगतील तितके दिवस मान खाली घालून किंवा पालथे राहावे लागते, ते कंटाळवाणे असले तरी अर्धे ऑपरेशन तेच असते. पहिल्याच शस्त्रक्रियेत पडदा बसण्याचे प्रमाण आता दहात आठ-नऊ आहे.

लोझानचे ते रुग्णालय आज ज्यूल्स गोनिन यांच्याच नावाने चालते. अंधांची संस्थाही तिथेच आहे. 1959 मध्ये त्याच शहरात पडद्याच्या शल्यविशारदांनी त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापले. जगभरातले तज्ज्ञ आजही त्या मंडळाच्या सभांत जमतात आणि आपापल्या फसलेल्या आणि जमलेल्या डोळ्यांचा हिशेब एकमेकांपुढे मांडतात.